सकाळची मुंगी, दुपारची मुंगी

रविवारी दुपारी चारला आजोबांनी बेकरीचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. धाकट्या मुलाने आणि सुनेने मोज्यांच्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर एक जागा पाहून ठेवली होती. महिनाअखेरीस तिथे राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्या दोघांचं आपसात. वेगळं राहायची कुणकुण घरात महिनाभर होती, पण ठरल्याचं गुरुवारी कळलं, तेही समोरच्या शिंप्याकडून, आणि तेव्हापासून आजी सुनेशी 'हं' आणि 'नाही' यापलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

"ज्याला जे बोलायचंय ते आज बोलून टाका," आजोबा म्हणाले. "पहाटे भट्टी पेटवायची आहे. पोटात ठेवून कुणी कणीक मळू नका."

धाकट्याने घसा साफ केला. "बाबा, वेगळं म्हणजे काही तोडून नाही. मी कामाला इथेच येणार. पहाटे चारच्या ठोक्याला भट्टीवर. फक्त हिची पहिली पाळी सहाला सुरू होते, इथून पाऊण तास लागतो. तिथून चालत जाता येईल."

"आणि पोरीला कोण बघणार?"

"कारखान्याचं पाळणाघर आहे. ही जाताना सोडेल, दोनला सुटली की घेऊन येईल."

आजी भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "पाय अधू असलेल्या पोरीला पाळणाघरात टाकणार."

हा विषय महिनाभर घरात फिरत होता, पण प्रत्येक वेळी दाराआड, अर्ध्या वाक्यात. चारचौघांत तो आज पहिल्यांदा निघाला.

"अधू नाही तो, आई," सून म्हणाली.

"मी रोज बघते."

"मी पण रोज बघते." सून उठली, खिडकीशी गेली आणि पडदा बाजूला केला. "या, तुम्हीच बघा."

खाली गल्लीत मुंगी चेंडूमागे धावत होती. जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची होती, म्हणून आजोबांनी तिला मुंगी म्हटलं आणि साडेतीन वर्षांत ते कागदावरच्या नावापेक्षा पक्कं झालं. चेंडू शिंप्याच्या पायरीखाली गेला, मुंगी पालथी पडून तो काढायला गेली, काढला, आणि परत पळाली. आजीने ते सगळं नीट पाहिलं. पायात काहीच खोट दिसत नव्हती.

"उद्या सकाळी बघायला ये," ती म्हणाली, पण तिचा आवाज थोडा उतरला होता.

"उद्या सकाळी सातला मी मशीनवर असते. तुम्हाला ते माहीत आहे." सुनेचा मात्र आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "आई, मला कामावर घेतलं त्या आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. मला सुपरवायझर केलं तेव्हा तुम्हाला चक्कर यायला लागली. आता आम्ही जागा बघायला लागलो, तर मुंगीचा पाय."

"अगं," धाकटा म्हणाला.

"मी चुकीचं बोलत असेन तर सांग."

तो आईकडे वळला. "आई, आपण दाखवलं होतं ना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना? ती त्यांच्यासमोर उड्या मारत होती. ते म्हणाले, वाढीचं दुखणं आहे, लहान मुलांचे पाय दुखतातच."

"आपण नाही, तुम्ही दाखवलंत. मला नेलं नाहीत."

आजीला जे दिसत होतं ते तिने आतापर्यंत चार वेळा सांगितलं होतं. सकाळी सातला ती मुंगीला उठवायची. मुंगी पलंगाच्या कडेला बसायची आणि खाली उतरायला मागायची नाही. उतरवली की डावा गुडघा वाकवलेलाच ठेवून, कडेने भिंत धरत न्हाणीपर्यंत जायची. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणायची. गरम पाण्याची अंघोळ झाली की जरा मोकळी व्हायची. बालवाडीत सोडल्यावर पुढे काय होतं ते आजीला माहीत नव्हतं, कारण तिथून ती थेट गल्ल्यावर जाऊन बसायची ते रात्रीपर्यंत. धावणारी मुंगी तिने आज बऱ्याच दिवसांनी पाहिली. म्हणून ती गोंधळली होती. आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला क्षणभर कळेना.

"दर रविवारी मी दिवसभर घरी असते," सून म्हणाली. "एकदाही लंगडलेली दिसली नाही. तुमच्यासमोरच का लंगडते? लाड होतात म्हणून."

"म्हणजे मी खोटं बोलते."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस?"

"दोघीही खरं बोलताय," दाराजवळून मुंगीचा काका म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. घरातला थोरला मुलगा, बेकरीची गाडी चालवायचा. लग्न केलं नव्हतं. बैठकीत तो नेहमी दाराजवळ बसायचा आणि उठताना 'मग मी निघतो' एवढंच बोलायचा.

"मी साडेसातला पहिली फेरी टाकून चहाला येतो, तेव्हा ती लंगडत असते," तो म्हणाला. "तीनला परत येतो तेव्हा पळत असते. मी दोन्ही बघतो. रोज."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?" आजोबांनी विचारलं.

काकाने हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात केली. "दोन महिन्यांपूर्वी ती माझ्या गाडीवरून पडली. मागच्या पायरीवरून. सकाळची वेळ होती. मी ट्रे मोजत होतो, तिने हाक मारली होती, मी बघितलं नाही. रडली नाही फारशी. म्हणून सांगितलं नाही. नंतर लंगडायला लागली आणि मग सांगायची हिंमत झाली नाही."

धाकटा उठून उभा राहिला. "दादा, दोन महिने?"

"हो."

"दोन महिने तू माझ्यासमोर बसून जेवतोयस."

"बस खाली," आजोबा म्हणाले.

"नाही बाबा, दोन महिने..."

"बस म्हटलं ना. त्याने निदान तोंड उघडलं. आपण एवढे जण तिच्या पायावरून एकमेकांचे पाय ओढत होतो." आजोबांनी सुनेकडे पाहिलं. "जागेचं नंतर बघू. आधी पोरीला चांगल्या डॉक्टरला दाखवा. आणि या वेळी सासूलाही न्या."

"सकाळची वेळ घ्या," काका म्हणाला. "झोपेतून उठवायची आणि तशीच न्यायची. अंघोळ नाही, काही नाही."

*

लहान मुलांच्या हाडांचा आणि सांध्यांचा विभाग मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत होता. बुधवारी आठला तिथे पोचायचं म्हणून सुनेने तीन वर्षांत पहिल्यांदा कारखान्याची पाळी बुडवली. धाकटा भट्टीवर थांबला; आजी आणि सुनेने मुंगीला चादरीसकट उचलून काकाच्या गाडीत घातलं. गाडीला ताज्या ब्रेडचा वास होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, उंच, मोठ्याने बोलणाऱ्या. त्यांनी मुंगीला टेबलावर झोपवलं नाही. बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये नेलं, चपला काढायला लावल्या आणि स्वतः भिंतीशी उकिडव्या बसल्या.

"नाव काय तुझं?"

"मुंगी."

"मुंगीबाई, त्या पिवळ्या दारापर्यंत जाऊन या बरं. घाई नाही."

मुंगीने आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि निघाली. डावा गुडघा वाकलेला होता तो वाकलेलाच राहिला. टाच टेकत नव्हती. प्रत्येक पावलाला खांदा एका बाजूला झुकत होता आणि एक हात आपोआप भिंतीवर गेला. पिवळ्या दाराशी पोचायला तिला इतका वेळ लागला की मध्ये एक परिचारिका औषधांची गाडी घेऊन तिला ओलांडून गेली.

सासूकडे बघायचं सुनेला धाडस झालं नाही.

आत बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांचा सपाटा लावला. ताप येतो का? अंगावर पुरळ? वजन कमी झालंय? दुखण्याने रात्री जाग येते? गेल्या महिन्यात घसा, जुलाब? घरात कुणाला सांध्यांचा आजार? प्रत्येक उत्तर त्या लिहून घेत होत्या आणि बहुतेक उत्तरं 'नाही' अशी होती.

"सकाळी किती वेळ अशी चालते?"

"तासभर," आजी म्हणाली. "कधी जास्त. गरम पाण्याने मोकळी होते."

"दुपारी?"

"दुपारी पळते," सून म्हणाली. "मी दोनला सुटते. माझ्यासमोर ती पळतच असते."

"आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी?"

"रविवारी मी असते. तेव्हा..." सून थांबली. डॉक्टरीणबाई पेन धरून वाट बघत होत्या. "रविवारी ती माझ्या कडेवर असते. उठल्यापासून दहा-अकरापर्यंत उतरतच नाही. मी ओट्याशी गेले तरी कडेवर. आठवड्याभराने सकाळी आई भेटते, म्हणून लाडात येते असं मला वाटायचं." तिने मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला बरं वाटायचं. मी कधी खाली ठेवलीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहिलं. "लहान मुलं दुखतंय असं सांगत नाहीत. ज्याने दुखेल ते करायचं टाळतात. कडेवर घे म्हणतात. जिना उतरताना दर पायरीला तोच एक पाय पुढे टाकतात. सांगतात, फक्त आपल्या भाषेत नाही. पडली-बिडली होती का?"

काका दाराशी उभा होता. तो दोन पावलं आत आला. पायरी केवढी होती, कुठल्या बाजूला पडली, काय वाजलं होतं, सगळं त्याने जसंच्या तसं सांगितलं. दोन महिने रोज मनात घोळवलं होतं, त्यामुळे कुठे अडखळला नाही.

"सकाळी किती वाजता?"

"साडेसात."

"म्हणजे अंघोळीआधी."

"हो. झोपेतून उठून खाली आली होती."

डॉक्टरीणबाईंनी मुंगीला आजीच्या मांडीवरच बसू दिलं. हाताची मागची बाजू आधी उजव्या गुडघ्याला लावली, मग डाव्या, मग परत उजव्या. आजीचा हात ओढून तिलाही तसंच करायला लावलं. डावा गुडघा कोमट लागत होता. उजव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना खळगे होते, डाव्याचे भरून आले होते. पाय सरळ करायला गेलं की डावा पूर्ण सरळ होत नव्हता, दोन बोटांइतका वाकलेलाच राहायचा. मांडीला टेप लावला, तर डावी मांडी सव्वा सेंटिमीटर बारीक भरली. मग त्यांनी खुबे फिरवून पाहिले, घोटे, मनगटं, बोटांची पेरं एकेक दाबून पाहिली, मुंगीला मोठा आ करायला लावला. गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघा बघायचा नसतो, त्या म्हणाल्या, कित्येकदा दुखतो गुडघा आणि खोट असते खुब्यात. इथे खुबे चांगले आहेत.

"ताप असता आणि तिने पायाला हात लावू दिला नसता, पाय टेकवलाच नसता, तर मी तुम्हाला आत्ता दाखल करून घेतलं असतं. तसं नाहीये. रक्त तपासू, फोटो काढू, सोनोग्राफी करू. दुसरं काही नाही ना, याची खात्री करायची. पण मला जे वाटतंय ते सांगते. हा संधिवात आहे."

"संधिवात?" आजी म्हणाली. "तो मला व्हायला हवा. माझं वय आहे."

"मुलांनाही होतो. तुमचा झिजेचा असतो, हा सुजेचा. रात्रभर सांधा हलत नाही, म्हणून सकाळी आखडतो. वापरला की सैल होतो. म्हणून दुपारी बघणाऱ्याला काहीच दिसत नाही."

"कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं," सून म्हणाली.

"किती वाजता नेलं होतं?"

"संध्याकाळी पाचला."

"मग त्यांना हे दिसणारच नाही. पण एक लक्षात ठेवा. तसले पाय दोन्ही दुखतात, संध्याकाळी-रात्री दुखतात, आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. लंगडत नाही. लंगडणाऱ्या मुलाला वाढीचं दुखणं म्हणून घरी पाठवायचं नसतं."

काका अजून तसाच उभा होता. "पण ती पडली, त्याने..."

"पडल्याचं दुखणं दिवसागणिक कमी होतं आणि चाललं की वाढतं. हे उलट आहे." त्यांनी मान वर केली. "तुम्ही वेळ साडेसात सांगितलीत. ती पडली म्हणून गुडघा आखडला, असं मला वाटत नाही. गुडघा आखडलेला होता, म्हणून ती पायरीवरून पडली असेल. ती पडायच्या आधीपासून चालू होतं हे."

काकाने मान डोलावली. मग 'मी गाडी पुढे आणतो' म्हणून तो बाहेर गेला. गाडी पुढेच लावलेली होती. बाहेर आल्यावर तो चाकाजवळच्या कठड्यावर बसला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला सडकून भूक लागली.

"शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं," आत डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. "आठवड्याभरात डोळे तपासून घ्या."

"डोळ्यांना काही नाही तिच्या," सून म्हणाली. "लाल नाहीत, पाणी येत नाही."

"म्हणूनच. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते. ती दिसत नाही, दुखत नाही. मूल काही बोलत नाही आणि कळेपर्यंत नजर अधू झालेली असते. मी हे घाबरवायला सांगत नाही. पण टाळू नका."

परतताना मुंगी मागे पावाच्या ट्रेशेजारी बसून पायाने ठेका धरत होती. साडेदहा वाजले होते आणि गुडघा सुटला होता. पुढच्या बाकावर तिघं खेटून बसले होते.

"मी खोटं बोलत नव्हते," आजी म्हणाली.

"मीही नव्हते, आई."

गाडी सिग्नलला थांबली. आजी समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "छातीचं मात्र खोटं होतं. तू कामाला लागलीस तेव्हाचं. चक्कर खरी होती."

सुनेला हसावं की चिडावं ते कळलं नाही. काकाने सिग्नल सुटायच्या आधीच गिअर टाकला.

*

रक्त, फोटो, सोनोग्राफी, सगळं डॉक्टरीणबाईंच्या अंदाजासारखंच आलं. गुडघ्यात पाणी होतं. औषध सुरू झालं, पुढच्या महिन्यात भूल देऊन सांध्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्याआधी सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुंगीला यंत्रासमोर आजोबांच्या मांडीवर बसवलं, हनुवटी टेकवली आणि बराच वेळ पाहिलं. डाव्या डोळ्यात काही नव्हतं. उजव्यात सूज सुरू झाली होती.

"आणखी सहा महिने गेले असते तर?" धाकट्याने विचारलं.

डॉक्टरांनी थेंबांची बाटली पुढे सरकवली. "आज आलात. आजपासून दिवसातून सहा वेळा. नजर अजून पूर्ण आहे. दोन आठवड्यांनी दाखवा, आणि नंतर काही वर्षं दर तीन महिन्यांनी."

सहा वेळा म्हटल्यावर सगळ्या घराची पाळी लागली. पहिला थेंब आजीचा, दुसरा काकाचा, चहाला आला की. बालवाडीतला बाईंनी घालायचा, दुपारचे बाबाने आणि आईने, झोपतानाचा आजोबांनी, कारण त्यांच्याकडूनच ती डोळा न मिटता घालून घेई. काका आणि धाकटा पहिले काही दिवस कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी थेंब नाकावर पडला म्हणून काकाने खालून भावाला हाक मारली आणि धाकटा पिठाच्या हातांनी वर धावला. त्यानंतर बोलणं आपोआप सुरू झालं. त्या दोन महिन्यांबद्दल मात्र धाकट्याने नंतर कधीच विचारलं नाही. पण तो विसरला नाही.

जागेचा विषय कुणी काढत नव्हतं. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती.

सुनेने कारखान्यात सांगून आठवडाभर दुपारची पाळी घेतली. तिला सकाळ बघायची होती. शुक्रवारी सातला ती पलंगाजवळ जमिनीवर बसली आणि मुंगीने हात पसरले तेव्हा तिने उचललं नाही, बोट पुढे केलं. आजी दारात टॉवेल घेऊन उभी होती. औषधाने फरक पडला होता, पण पहिली पावलं अजून जडच होती. न्हाणीपर्यंत जायला दोघींना पाच मिनिटं लागली. आजीने मध्ये काही सांगितलं नाही, पाणी किती गरम हवं एवढं दाखवलं आणि पाटावर बसली.

"ती जागा कितव्या मजल्यावर आहे म्हणालीस?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही."

"मग नको ती. नाही म्हणून सांगा त्या मालकाला."

सुनेचा हात पाण्यात थांबला. ती सावकाश म्हणाली, "आई, आता पुन्हा सुरू करू नका. डॉक्टर म्हणाल्यात, जिने चढू-उतरू दे तिला, हालचाल चांगलीच."

"तिचं मी बोलतच नाहीये," आजी म्हणाली. "तू सहाला कामावर जाणार. तू निघायच्या आत मी येणार, सातला तिला मी उठवणार. माझे गुडघे झिजेचे आहेत, ते गरम पाण्याने सुटत नाहीत. तळमजल्यावरची बघ. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, मी पण येते बघायला."